मामाचं घर विकलं गेलं, आता सुट्टीत मुलांना इंदूरला न्यावं का?

रामबागची
६ एप्रिल, रात्री १०:५०

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. लग्न होऊन पुण्यात आले त्याला १७ वर्षं झाली. लेक १२ वर्षांची आहे, मुलगा ८ वर्षांचा. करोनाची दोन वर्षं सोडली तर एकही मे महिना आम्ही इंदूरशिवाय काढलेला नाही. बाबा गेले, आई दोन वर्षं एकटी राहिली, मग भाऊ तिला बंगळुरूला घेऊन गेला. गेल्या दिवाळीनंतर घर विकलं. व्यवहार रीतसर झाला, कुणाचं काही चुकलं नाही. तरी एप्रिल लागल्यापासून मला धड झोप नाही.

घर काही मोठं नव्हतं. खाली दोन खोल्या, पुढे ओटला (पुण्यात ओटा म्हणतात, आमच्या तोंडी ओटलाच), लाकडी जिना आणि वर गच्ची. सगळी सुट्टी त्या गच्चीवर जायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुलांनी बादल्या भरून वर न्यायच्या आणि तापलेल्या फरशीवर पाणी मारायचं. पहिल्या बादलीचं पाणी बघता बघता सुकून जायचं, नुसती वाफ अंगावर यायची. दुसऱ्या बादलीला मातीचा वास. तिसऱ्या-चौथ्या बादलीनंतर अनवाणी उभं राहता यायचं, आणि जमीन निवली की नाही हे पाय ठेवून सांगायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याचं. मग सतरंज्या, गाद्या, कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ. दिवसा ४२ अंश असले तरी रात्री वारा सुटतो. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ती हीच. पहाटे तीनला पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागते. माझ्या मुलांनी उघड्या आकाशाखाली झोप घेतली आहे ती फक्त तिथे.

परवा मुलाने विचारलं, "तिकिटं काढलीस का?" घर विकल्याचं त्याला सांगितलेलं आहे. पण त्याचा एक पत्र्याचा डबा, कंच्यांनी भरलेला, शेजारच्या मुलाकडे ठेवलेला आहे. मागच्या जूनमध्ये निघताना मोजून दिले होते, ६४. (पुण्यात तो गोट्या म्हणतो, इंदूरच्या स्टेशनवर उतरला की कंचे. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.) कंचे तिथे आहेत, म्हणजे जायचंच आहे, असा त्याचा सरळ हिशोब.

नवऱ्याचं म्हणणं, चार दिवस हॉटेलात राहू, महेश्वर-मांडू करू, रात्री सराफा बाजारात खाऊ आणि परत येऊ. तो मनापासूनच सांगतोय. पण माझ्याच गावात खोलीची किल्ली काउंटरवर ठेवून बाहेर पडायचं, या विचारानेच पोटात कालवतं. नातेवाईक आहेत. आत्या सुदामा नगरला, चुलत भाऊ-वहिनी वैशाली नगरला. चार दिवस कुणीही हौसेने ठेवून घेईल. तीन आठवडे कुणाकडे राहायचं?

ज्यांचं माहेर किंवा आजोळ असं हातातून गेलं, त्यांनी पुढे काय केलं? मुलांना नेत राहिलात का? कुठे उतरलात?

ओटलेवाला
७ एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, जरूर या. मी जन्मापासून इंदौरलाच आहे (आम्ही इंदौरच म्हणतो, माफ करा). हॉटेल नका करू. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर साईडला वरच्या मजल्यावर दोन खोल्या महिन्याच्या हिशोबाने मिळून जातात. शिकायला आलेली मुलं मे महिन्यात गावी जातात ना, तर खोल्या रिकाम्या असतात.

एकच गोष्ट आधी पक्की विचारून घ्या की छत मिळेल का नाही. आजकाल छतावर सोलर आणि पाण्याच्या टंक्या लागून राहिल्या आहेत, चार गाद्या टाकायला जागा उरत नाही. आणि खोली बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तुम्ही म्हणाल तर मी जाऊन बघून येईन.

मालवी मामी
८ एप्रिल, दुपारी ३:३०

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी मामी आहे.

माहेर नाशिकचं, इंदूरला येऊन २६ वर्षं झाली, घर छत्रीबागेजवळ. दर मे महिन्यात माझ्या दोघी नणंदा चार मुलांना घेऊन येतात. नणंदांवर माझा जीव आहे, मुलं तर माझ्या अंगाखांद्यावर वाढलीत. पण सुट्टीच्या आठवणींमध्ये मे महिन्यातलं स्वयंपाकघर कधी येत नाही, म्हणून सांगते. कूलर बाहेरच्या खोलीत. गॅसपाशी पंखा लावला की ज्योत फडफडते, म्हणून पंखा बंद. दहा माणसांच्या चाळीसेक पोळ्या त्या बंद पंख्याखाली. सकाळचं आवरेपर्यंत बारा वाजतात, चारला मुलांना भूक लागते, सातला पुन्हा कणीक. आणि २६ वर्षांत मे महिन्यात मी माझ्या माहेरी गेले ती फक्त दोनदा, कारण "ताई येणार आहेत". माझ्या मुलांनी त्यांच्या मामाचं घर पाहिलं ते दिवाळीच्या थंडीत. आंब्यांच्या दिवसांत कधीच नाही.

तीन वर्षांपूर्वी थोरल्या नणंदेने आल्या आल्या पदर खोचला आणि म्हणाली, "वहिनी, संध्याकाळ आमची, तू ओट्याला हात लावायचा नाहीस." तेव्हापासून बाफल्यांच्या दिवसाची मी स्वतः वाट बघते. जाडसर कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, मोहन. गोळे पाण्यात उकळायचे, वर तरंगले की काढून कापडावर निथळवायचे, मग गोवऱ्यांवर नाहीतर गॅसच्या तंदूरमध्ये भाजायचे. भाजलेला बाफला हाताने फोडून तुपात बुडवायचं काम मुलांचं. दाल, हिरवी चटणी, चुरम्याचे लाडू. जेवण झालं की मोठी माणसंसुद्धा जिथे जागा मिळेल तिथे आडवी होतात.

रामबागची, वहिनीकडे जाच तुम्ही, पण मुक्काम वेगळा ठेवा. तिला तुमच्याकडे जेवायला बोलवा. आणि एकदा विचारा तिला, की या मे महिन्यात तुला कुठे जायचं होतं.

रामबागची
८ एप्रिल, रात्री ९:०५

मामी, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच वहिनीला फोन केला. तिचं माहेर खांडव्याचं. गेल्या पाच वर्षांत ती मे महिन्यात तिकडे गेलेली नाही, आणि हे मला माहीतच नव्हतं. या वर्षी ती १० मेला जाणार आहे. मी पोचणार त्यानंतर. आम्ही दोघी फोनवर बराच वेळ बोललो.

कालाकुंड
९ एप्रिल, रात्री ११:४०

खांडवा म्हटलं आणि राहवलं नाही.

आम्ही जळगावचे, आजोळ इंदूर. मोठ्या गाडीने खांडव्याला उतरायचं आणि पलीकडच्या फलाटावरून छोटी लाईन, म्हणजे मीटरगेजची गाडी, पकडायची. खरी सुट्टी तिथून सुरू व्हायची. सनावद, मोरटक्का, मग नर्मदेचा पूल. आजी पुलाच्या आधीच प्रत्येकाच्या हातात एक नाणं द्यायची आणि खिडकीतून टाकायला लावायची. बडवाह, चोरल, आणि मग कालाकुंड. इथे घाट चढण्यासाठी मागून आणखी एक इंजिन जोडायचे, त्यामुळे गाडी चांगली थांबायची. स्टेशनवर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा. अजूनही माझ्या जिभेवर कलाकंद म्हणजे थोडासा धुरकट, पानाचा वास लागलेला, कणीदार. मिठाईच्या दुकानातला चौकोनी तुकडा मला दुसराच पदार्थ वाटतो.

बोगदे ओलांडून वर पाताळपाणीला आलं की गाडी पुन्हा थांबायची. तिथे टंट्या भिल्लाचं स्थान आहे. इंग्रजांशी लढलेला हा माणूस, सगळा निमाड त्याला टंट्या मामा म्हणतो. गाडी मामाला सलामी देते, असं सगळा डबा सांगायचा. आम्हाला वाटायचं, आपण मामाकडे चाललोय तर वाटेत हा मोठा मामा भेटणारच.

ही लाईन होळकरांच्या पैशातून झाली. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला त्यासाठी १ कोटीचं कर्ज दिलं होतं. महूच्या पुढचा उरलेला छोटा मार्ग २०२३ मध्ये बंद झाला, मोठ्या लाईनचं काम चालू आहे. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर २०१८ पासून हेरिटेज गाडी चालवतात, पण तिची मजा पावसाळ्यातली. मे महिन्यात पाताळपाणीचा धबधबा म्हणजे कोरडा कडा. मुलांना धबधबा दाखवतो म्हणून नेऊ नका, हिरमुसतात.

आता प्रवासाचं. पुण्याहून गाडी वसई, वडोदरा, रतलाम असा मोठा वळसा घेते, मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्रीत पोचवते. पण मुलं जागी असताना निदान एका बाजूचा प्रवास रस्त्याने करा. धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा, आणि खलघाटला नर्मदा. नदी ओलांडली की मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येतो आपण. खिडकी उघडी असेल तर हवा बदललेली मुलांनाही कळते.

येताना महूला थांबा. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, तिथला. स्मारक मोठं आणि शांत आहे. माझ्या मुलीने तिथे अर्धा तास काढला, मी घाई केली नाही.

नेऊन पाहिलं
११ एप्रिल, सकाळी १०:२०

सगळ्यांच्या भावना समजतात, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथे नोंदलेला असावा.

मी मूळचा तिलक नगरचा, आता ठाण्यात. आई-वडील गेल्यावर ६ वर्षं इंदूरला गेलो नव्हतो. मागच्या वर्षी १४ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो, ६ दिवस. रोज सकाळी गाडी काढायची आणि त्याला दाखवायचं: ही माझी शाळा, इथे मी सायकलवरून पडलो, इथे आमची टोळी बसायची. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी मी एकटाच उतरलो. तो गाडीतच बसून राहिला. मला राग आला, मी बोललो, तोही बोलला. म्हणाला, "बाबा, इथे तुमचंच सगळं आहे. मी काय करू?"

पुढचे दोन दिवस आम्ही फारसं बोललो नाही. शेवटच्या रात्री सराफ्यात गेलो. दागिन्यांची दुकानं बंद होऊन त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याची दुकानं लागतात, हे बघून त्याला पहिल्यांदा नवल वाटलं. दहीवड्यावर पाच मसाले एकाच चिमटीतून एकेक करून सोडताना त्याने पाहिलं आणि पुन्हा करून दाखवा म्हणाला. त्यांनी दाखवलं. मग भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, रबडीसारखी दाट शिकंजी. रात्री साडेबाराला तो मला म्हणाला, अजून एक चक्कर मारू. त्या चकरेत मी माझ्या लहानपणाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

रामबागची, तुम्ही जा, पण मुलांना तुमच्या आठवणींच्या मागे फिरवू नका. माझं ते चुकलं आणि सहा दिवस वाया गेले.

कमाटीबाग
११ एप्रिल, दुपारी १:००

बडोद्याहून लिहितेय. आमच्या दांडिया बाजारातही हेच चाललंय, वाडे जाऊन इमारती. माझ्या बहिणीची मुलं अमेरिकेहून येतात. पहिल्या वर्षी त्यांना लक्ष्मीविलास, संग्रहालय सगळं दाखवलं, पाठ केल्यासारखं. दुसऱ्या वर्षी फक्त रोज संध्याकाळी कमाटीबागेत नेलं, काहीही न ठरवता. संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा त्यांनी मोजून अकरा वेळा पाहिला. आता फोनवर विचारतात, देवमासा कसा आहे? तेव्हा वरच्या प्रतिसादाशी सहमत.

सत्तरीपार
१३ एप्रिल, पहाटे ५:३०

माझं वय ७८. मुलगा-सून बाहेर देशी, नातवंडं आता मोठी झाली, सुट्टीत येत नाहीत. त्यामुळे कुणाची मुलं येणार म्हटलं की मला आनंद होतो.

आठवणी सांगू नका हे मला पटत नाही. सांगायची तऱ्हा हवी. राजवाड्यासमोर नातवाला उभं केलं की मी त्याला मजले मोजायला लावायचो. सात. मग विचारायचो, दगड कुठे संपतो? खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. मग सांगायचो, १९८४ मध्ये आग लागली तेव्हा लाकडाचं काय झालं असेल? त्या आगीत मागचा भाग गेला, तो नंतर पुन्हा उभा केला. तेव्हाच्या धुराचा वास माझ्या कपड्यांना होता. हे मी शेवटी सांगायचो, त्याने विचारल्यावर.

क्रिकेट खेळणारं मूल असेल तर त्याला होळकर संघाची गोष्ट सांगा. सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, होळकरांकडून खेळायचे. या एका संस्थानाच्या संघाने रणजी करंडक ४ वेळा जिंकला. राहुल द्रविडचा जन्मही इंदूरचा, लताबाईंचाही.

आणि नळाची गोष्ट. १९७८ च्या आधी उन्हाळ्यात इंदूरला पाण्याचे फार हाल. मग मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी विंध्याचा चढ चढवून इथे आणलं, सुमारे ७० किलोमीटर. ज्या दिवशी आमच्या गल्लीत ते पाणी आलं त्या दिवशी आईने नळाला हळदकुंकू वाहिलं. मुलांना महेश्वरला न्याल तेव्हा घाटावर बसवून एवढं सांगा, की घरी माठात भरलेलं पाणी याच नदीतून वर गेलं आहे.

नवतपा
१४ एप्रिल, रात्री ८:३०

लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. मी परिचारिका आहे, दर मे महिन्यात पाहुणी आलेली मुलं ऊन लागून आमच्याकडे दाखल होताना पाहते.

२५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस नवतपा. त्या दिवसांत सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मुलं बाहेर नकोत. पुण्याच्या मुलांना इथलं कोरडं ऊन कळत नाही, कारण घाम लगेच वाळतो आणि तहान उशिरा लागते. मागितलं नाही तरी दर तासाला पाणी द्या. कैरीचं पन्हं मीठ घालून, ओआरएसची पाकिटं पिशवीत. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, अंग तापलं आणि कोरडं लागलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. कूलरसमोर मूल थेट झोपवू नका, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते.

मांडू करायचंच असेल तर पहाटे निघा. तिथे वाटेवर टोपल्यांत खिरनी विकायला असते, पिवळी, बोटाच्या पेराएवढी, चिकट गोड. आणि मांडवची चिंच, म्हणजे गोरखचिंचेची ती अवाढव्य बुंध्याची झाडं. आमच्या मुलांना जहाज महालापेक्षा ती झाडं जास्त आवडली.

रामबागची
९ जून, रात्री ११:१५

परत आलो. इतक्या जणांनी इतकं लिहिलंत, म्हणून सविस्तर कळवते.

आम्ही १५ मेला पोचलो. नवरा पहिले पाच दिवस होता, मग मी आणि मुलं, ७ जूनपर्यंत. सुरुवात वाईट झाली. ओटलेवालांनी सांगूनही मी घाईत ऑनलाइन एक घर ठरवलं आणि पूर्ण पैसे भरले. जाहिरातीत गच्ची होती. पोचलो तर गच्चीला कुलूप, कूलरची मोटर बंद, नळाला पाणी एक दिवसाआड. दोन रात्री मुलं घामाने भिजून उठत होती. पैसे परत मिळाले नाहीत, मला रडू आलं. तिसऱ्या दिवशी ओटलेवाला स्वतः येऊन आम्हाला लोकमान्य नगरला घेऊन गेले. एका आजी-आजोबांच्या घरावरच्या दोन खोल्या, आणि गच्ची पूर्ण मोकळी. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

त्या गच्चीवर पहिल्या संध्याकाळी मुलं मला न विचारता बादल्या घेऊन वर गेली. मी खाली कणीक मळत होते. वरून धाकट्याचा आवाज आला, "अजून एक! पाय भाजतोय!" हातातलं काम तसंच ठेवून मी जिन्यात बसून राहिले.

दिवस फार साधे गेले. सकाळी सहाला कोपऱ्यावरून पोहे आणायला लेक एकटी जायची. वाफेवर ठेवलेले पोहे, त्यात बडीशेप, वर शेव, कच्चा कांदा, जीरावन मसाला. पहिल्या दिवशी तिने हिंदीत विचारलं, त्या काकांनी मराठीत उत्तर दिलं. दहाव्या दिवशी ती "भिया, जीरावन ज्यादा" म्हणत होती. दुपारी पडदे ओढून पत्ते. एका रविवारी वहिनीला आणि आत्याला बोलावून बाफले केले, मामी, अगदी तुमच्या पद्धतीने. वहिनी खांडव्याहून दोन आठवडे राहून आली होती. तिने बसून खाल्लं, मी वाढलं.

रामबागेत मी चार दिवस गेलेच नाही. मग मुलगाच मागे लागला. घर पाडलंय. भोवती पत्रे ठोकलेत, आत विटांचा ढीग. पण ओटला पत्र्यांच्या बाहेर राहिलाय, दोन पायऱ्यांसकट. शेजारच्यांच्या दारात गेलो तर तो मुलगा नाही. देवासला त्याच्या मामाकडे गेलेला! ५ जूनला येणार म्हणाले. माझा मुलगा एवढासा झाला. मला मात्र फार बरं वाटलं, का ते मला नीट सांगता येणार नाही.

महेश्वरला ३१ मेला गेलो, अहिल्याबाईंची जयंती असते म्हणून. पहाटे साडेचारला निघालो. गर्दी होती, पण सकाळी आठच्या आत वाड्यात त्यांची साधी गादी पाहिली, आणि मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून नर्मदेत सोडतात तेही पाहिलं. त्यांच्या काळापासून हे रोज चालू आहे. सत्तरीपार आजोबा, घाटावर बसवून मी पाण्याची गोष्ट सांगितली. मुलाने ओंजळभर पाणी घेतलं आणि म्हणाला, "हे आता आपल्या टंकीत जाणार?" लेक मात्र हातमागावर अडकली. साडीचा काठ विणणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं, हा काठ किल्ल्याच्या भिंतीवरून घेतलाय, शोध. ती उन्हाचं भान न ठेवता घाटाच्या भिंती बघत फिरली आणि एका कमानीपाशी मला ओरडून बोलावलं. नक्षी तीच. तिने वहीत काढून घेतली. त्या बाईंना दाखवायला आम्ही परत गेलो, तर त्यांनी मागावरच्या काठाशेजारी वही धरून पाहिली आणि दोन ठिकाणी दुरुस्त करून दिली.

नेऊन पाहिलं, तुमचं वाक्य माझ्या सतत डोक्यात होतं. मी ठरवून काही दाखवलं नाही. फक्त एका रात्री गच्चीवर लेकीने विचारलं, "तू लहानपणी कुठे झोपायचीस, भिंतीकडे का जिन्याकडे?" मग सांगितलं.

५ जूनला संध्याकाळी देवासहून तो मुलगा आला आणि डबा घेऊन थेट लोकमान्य नगरला हजर झाला, वडिलांच्या स्कूटरवर. मोजले तर ६२. दोन शाळेत हरलो, म्हणाला, आणि खिशातून त्याच्या मामाने दिलेले दोन हिरवे काढून डब्यात टाकले. माझ्या मुलाने ते उजेडाकडे धरून पाहिले आणि चालतील म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी दोघांना रामबागेत घेऊन गेले. पत्र्यांच्या कडेने थोडी माती उरली आहे, तिथे त्यांनी टाचेने खड्डा केला. मी ओटल्यावर बसले होते. नऊ वाजता ऊन पायरीवर आलं तेव्हा उठवलं, तोवर माझा मुलगा १९ हरला होता.